सदतीस नंबरची नळी

— नाही नाही, दिवाणावर नको गं, ही खुर्ची घे. प्लॅस्टिकची आहे, पण बस. दिवाणाचं काय? दिवाणाचं काही नाही, गादी गच्चीवर उन्हात टाकलीय, नुसती फळी टोचेल तुला. आणि ती सॅक खाली नको ठेवूस, मांडीवर घे, नाहीतर असं कर, त्या खुंटीला अडकव. हां. आता सांग, दारात काय म्हणत होतीस? सदतीस नंबरच्या नळीत काहीतरी वेगळं निघालंय — जरा हळू बोल हं, समोर जानकीबाई राहतात, त्या दुपारच्या झोपत नाहीत. आणि मॅडम नको म्हणूस. बाई म्हण. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं भिवंडीत, रिटायर होऊन वर्ष झालं तरी भाजीवालासुद्धा टिपणीस बाईच म्हणतो. निवेदिता ना तू? फोनवर मोठी वाटली होतीस. माझ्या मिहिरपेक्षा लहानच असशील. मिहिर म्हणजे मुलगा, जर्मनीत असतो — चहा टाकते. नको कसं, पुण्याहून आलीस एवढी.

तर सदतीस नंबर. आता इतक्या नळ्यांतली सदतीस कुठली ते मला कसं आठवणार — पन्नास पाठवल्या होत्या आम्ही तुमच्या संस्थेला. गणपती झाल्यावर सुरू केलं ते फेब्रुवारीपर्यंत. शाळेतल्या मुलांना किती नवल वाटलेलं! भाताच्या लोंबीवरचा ढेकण्या, कपाशीवरचा तांबडा ढेकूण, डबक्यात पाण्यावर धावणारा तो लांब टांगांचा, मावा, तुडतुडे, जास्वंदीवरचा पिठ्या — हे सगळे एका कुळातले, सगळ्यांना तोंडाजागी सोंड, टोचायची नि रस ओढायचा, आणि त्यांच्यातलाच एक आपल्या खाटेतला ढेकूण! आणि तुम्ही त्या एकेकाची अक्षरन् अक्षर वाचणार, जिनोम, म्हणजे कोण कोणाचा सख्खा, कोण चुलत, किती जाती आहेत, कुठून कुठे गेल्या, सगळं कळणार. मी कोन गावच्या शेतातून चिखलात उतरून आणले होते काही. ह्या वयात. पॅन्ट नाही गं, साडीच, खोचून. ते जाऊ दे. सदतीस म्हणजे खाटेतला ढेकूण, असं म्हणतेस. बरं. असेल. चिठ्ठीवर काय आहे? वाच की. माझंच अक्षर आहे ना? — हो. 'रुकय्याबाईंची बिस्सी, खोली तीन, लाकडी खाट.' हो, बरोबर. म्हणजे — असं लिहिलंय खरं.

बिस्सी म्हणजे काय? मेस गं, लूमवाल्यांची. खाली जेवण, वर खोल्या, एक शिफ्ट ड्युटीवरून आली की दुसरी जाते, खाट काही रिकामी राहत नाही. तिथे ढेकूण सापडला त्यात विशेष ते काय? कोणीही हेच म्हणेल — हेच म्हणेल कोणीही. पण तो आपल्याकडचा नाही म्हणतेस. दिसायला सारखाच, पण जात निराळी. ठाणे जिल्ह्यातून आलेले बाकीचे सगळे ढेकूण आपले उष्ण प्रदेशातले, आणि हा एकच थंड देशातला. त्याचे सगळ्यात जवळचे भाऊबंद — कुठे म्हणालीस? परत सांग.

जर्मनीत.

चहा उतू जाईल, थांब.

— घे. साखर कमी झाली असेल. हं, मग तुझं म्हणणं असं, की बिस्सीतलं कोणी परदेशात जाऊन आलं होतं का ते रुकय्याला विचारायचं. आखातातून, कुठल्या जहाजावरून. बॅगेतून येतात हे, हो, शिवणीत बसतात बॅगेच्या, मला ठाऊक आहे. आणि मग ते तुम्ही छापणार. इंग्रजीत. नकाशावर ठिपका आणि त्या ठिपक्याला तिच्या बिस्सीचं नाव. आता असं बघ, लूमवर माणसं कुठून कुठून येतात, यूपी, बिहार, तेलंगणा, आज इथे उद्या तिथे, कोण कोणाची बॅग घेऊन आलं त्याचा पत्ता लागायचा नाही. तू उगाच जाऊ नकोस तिथे. आणि बिस्सी बंद झालीय. दीड वर्ष झालं. जागेला कुलूप आहे. कशानं म्हणजे — बंद झाली. होतात बंद.

असं बघू नकोस गं. मी मुलींकडे असं बघायचे वर्गात आणि त्या घडाघडा बोलायला लागायच्या.

मला एक सांग, तो ढेकूण — त्याच्या पोटात रक्त असणार ना? ज्याला चावला त्याचं. मग तेही वाचलं जातं का तुमच्या यंत्रात? माणसाचा भाग गाळून टाकता. बरं करता. नाही, सहज विचारलं. विज्ञानाची मास्तरीण आहे, प्रश्न पडतात.

रुकय्या पन्नाशीची. इथलीच, कोकणी मुसलमान, नवऱ्याचे चार लूम होते, तो गेला तेव्हा दिरांनी विकले, मग तिनं बिस्सी काढली. बावीस-तेवीस माणसं जेवायची. मी नळ्या घेऊन तिच्याकडे गेले ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला, सगळ्या जाती मिळाल्या होत्या, खाटेतला तेवढा राहिला होता. माझ्या डोक्यात सरळ हिशेब, की ढेकूण पाहिजे तर बिस्सीत जा. तिला तसं तोंडावर म्हणाले मी, दारात, तिच्या माणसांसमोर — 'रुकय्या, तुमच्याकडे ढेकूण मिळतील ना गं?' ती हसली. म्हणाली, 'बाई, आमच्याकडं एक पन मिलायचा नाय. बघा तुमी, सगल्या खोल्या बघा.' बघितल्या. टॉर्च घेऊन, मुलं घेऊन, तीनही खोल्या. दर शुक्रवारी लूम बंद की सगळ्या खाटा गच्चीवर, सांध्यासांध्यात उकळतं पाणी, भिंतीच्या फटी चुन्यानं बुजवलेल्या. अंडंसुद्धा मिळालं नाही. मी काय म्हणाले असेन? शाबास म्हणाले असेन? मी म्हटलं, 'आज नसतील.' असं म्हटलं मी. आज नसतील.

आणि त्या वेळी माझ्या हातावर — हे बघ, इथे, कोपराच्या आत — तीन गांधी उठलेल्या होत्या, एका ओळीत. पंधरा दिवस उठत होत्या. मी डास म्हणत होते. मिहिर डिसेंबरात येऊन गेलेला, तीन आठवडे, दोन मोठ्या बॅगा आतल्या पलंगाखाली. निघताना तिथल्याच कुठल्या हॉटेलात राहिला होता दोन दिवस, चावतंय म्हणून तक्रारही केली होती तिथे, मला हसत सांगितलं होतं त्यानं. मी विज्ञानाची बाई! शेवटी चादरीवर काळे ठिपके दिसले तेव्हा कळलं. तुला हसू येईल. ढेकूण तर आहे, साप नाही. पण मी कोण? दर सोमवारी प्रार्थनेनंतर पोरींची नखं, केस, फ्रॉकच्या शिवणी तपासणारी बाई. एका मुलीच्या कॉलरवर ढेकूण दिसला म्हणून अख्ख्या वर्गासमोर तिला वेगळ्या बाकावर बसवली होती मी, आठवडाभर. 'ढेकूण कुठे होतात? घाणीत.' फळ्यावर लिहून द्यायचे. चुकीचं आहे ना ते? माहीत आहे, आता माहीत आहे. त्यांना घाण लागत नाही, माणूस लागतो. पण एकतीस वर्षं लिहिलं, आणि आता माझ्याच पलंगात. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं तर त्याची ती गाडी खाली उभी राहणार, हे एवढं झुरळ काढलेलं तिच्यावर, आणि अख्खी सोसायटी विचारणार, कोणाकडे? कोणाकडे? जानकीबाई तर जिना उतरून विचारणार.

मग मी कोणाला विचारलं असेल? सांग बरं. हो. तिलाच. दोन दिवसांनी परत गेले आणि म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीकडे झालेत, उपाय काय? तिनं माझ्या हाताकडे बघितलं. मी पदर ओढून घेतला. शुक्रवारी दुपारी दार वाजलं, बघते तर रुकय्या, बिस्सीतलं भलं मोठं पातेलं आणि चुन्याची पिशवी घेऊन. 'मैत्रिणीचा पलंग कुठंय, बाई?' एवढंच म्हणाली. पलंगाचे सगळे स्क्रू तिनं काढले, पाणी उकळून उकळून ओतलं, गाद्या ह्याच गच्चीवर आम्ही दोघींनी चढवल्या. चार शुक्रवार आली. जिन्यात जानकीबाईंनी हटकलं, तर म्हणाली, 'बाईंकडं फॉरम भरायला आलीय, इंग्रजी येत नाय ना आपल्याला.' खोटं बोलली माझ्यासाठी. जेवायला थांब म्हटलं, थांबली नाही, माणसं येतील म्हणाली जेवायला. आणि मला बरंच वाटलं ती थांबली नाही ते — हेही सांगते तुला आता, कशाला ठेवू.

तिसऱ्या शुक्रवारी — नाही, दुसऱ्याच — पलंगाच्या डोक्याकडच्या फळीच्या खाचेतून तिनं काडीनं दोन ढेकूण काढले, जिवंत. तळहातावर घेतले आणि म्हणाली, 'घ्या बाई, टाका तुमच्या नळीत. तुमाला पायजे होते ना?' अगदी आनंदानं म्हणाली. त्या दिवशी मी तिच्याकडून रिकाम्या हातानं परत आले होते ह्याचं तिला वाईट वाटलं होतं! तिच्याकडे ढेकूण नव्हते ह्याचं वाईट! मी दोन नळ्या आणल्या. एक तुम्हाला जायची, एक शाळेच्या पेटीत राहायची, तसाच नियम होता ना तुमचा. स्पिरिटमध्ये टाकले. ती पाणी ओतायला आत गेली आणि मी चिठ्ठी लिहायला बसले. पेन्सिलनं. शाई विरघळते, पेन्सिल टिकते, तुमच्याच पत्रकात होतं. तारीख लिहिली. जात लिहिली. मग रकाना — 'कोणाच्या घरी, कुठे सापडला.' आणि पुढच्या आठवड्यात विज्ञान दिन, ती पेटी शाळेच्या हॉलमध्ये लागणार, पालक येणार, आमच्याच सोसायटीतले चार जण येणार, आणि वाचणार — 'टिपणीस बाई, स्वतःचा पलंग.' माझा हात थांबला. किती वेळ थांबला असेल? फार नाही. फार वेळ थांबला असता तर म्हणता तरी आलं असतं, की झगडले मनाशी. नाही झगडले. सोपं गेलं. बिस्सी म्हटलं की कोणी दुसऱ्यांदा वाचणार नाही असं वाटलं. आणि नाव कशाला? नुसतं 'लूम कामगारांची खोली' लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण मला सवय — रकाना पूर्ण भरायचा. खोली तीनसुद्धा लिहिलं. खोटंसुद्धा नीटनेटकं लिहिलं मी.

ती आत माझ्या पलंगावर पाणी ओतत होती. आवाज येत होता मला.

विज्ञान दिनाला तिलाही बोलावलं होतं, ज्यांनी ज्यांनी मदत केली त्या सगळ्यांना बोलावलं होतं. आली. चांगली साडी नेसून आली. पेटीपुढे उभी राहिली. मराठी चौथीपर्यंत शिकलेली आहे, बोट ठेवून वाचते. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाहुण्यांना मावा दाखवत होते आणि मला दिसत होतं तिचं बोट. काचेवरून हळूहळू चाललेलं. रु-क-य्या. मग ते बोट थांबलं. तिनं मान वर करून मला शोधलं, आणि मी — मी पाहुण्यांना तुडतुडे दाखवायला लागले. जाताना माझ्याजवळ आली. मला वाटलं आता बोलते. म्हणाली, 'अक्षर सुरेख काढलंय बाई तुमी.' टोमणा नव्हता गं. टोमणा असता तर मी रडले तरी असते. तिला दुसरं काय बोलावं सुचलं नसेल, किंवा मला ओशाळं वाटू नये म्हणून — तिचं काय ते तिलाच ठाऊक.

मग कोणी तरी फोटो काढला चिठ्ठीचा. कोणी ते नाही कळलं, कळून काय करायचंय, चिठ्ठी तर मीच लिहिली होती. मोबाइलवर फिरला. 'टिपणीस बाईंनी तपासून लिहिलंय' — माझं नाव लावून! माझं अक्षर अर्धी भिवंडी ओळखते, मी लिहिलं म्हणजे खरंच असणार. आधी चार माणसं दुसरीकडे जेवायला गेली, मग दहा. खोलीमालकाला जागा पाहिजेच होती, त्याला निमित्त मिळालं. एप्रिलात बिस्सी बंद. खाटा भंगारात. त्या खाटांमध्ये एक अंडंसुद्धा नव्हतं, मी टॉर्च लावून बघितलं होतं. एक शब्द तिनं बोलायचा होता — 'अहो, ते ढेकूण बाईंच्या घरचे!' — एक वाक्य. तिची बिस्सी वाचली असती. नाही बोलली. माझी मैत्रीण सांभाळली तिनं. ती मैत्रीण, जी नव्हतीच.

आणि मी काय केलं? मी उपकार केले! माझा एक विद्यार्थी आहे, आल्हाद, काल्हेरला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, त्याच्याकडे शब्द टाकला आणि रुकय्याला तिथे पॅकिंगला लावून दिलं. दहा तास उभं राहायचं, गुडघे सुजतात तिचे. स्वतःच्या चुलीची मालकीण होती, आता खोक्यांना टेप लावते. ईदेला शीरखुर्मा आणून देते मला. 'बाईंनी नोकरी लावली' म्हणून सांगते सगळ्यांना. जानकीबाई म्हणतात, तुम्ही म्हणजे देवमाणूस. आणि मी ऐकून घेते. ऐकून घेते आणि 'अहो, त्यात काय' म्हणते.

तुझा चहा गार झाला. — कागद आणलायस ना, चिठ्ठी दुरुस्त करायचा? दे. पेन नको, माझ्याकडे पेन्सिल आहे. तर सदतीस. तारीख तीच. सापडला कुठे — काय लिहू? 'भिवंडी, निवासी इमारत' एवढं पुरे होईल का गं? म्हणजे तुमच्या शास्त्राला एवढं पुरतं ना? घराचं नाव काही लागत नाही, गावाचं लागतं. जर्मनीहून आलेली बॅग, असं लिहिते, ते महत्त्वाचं, नाव कशाला — नाव छापत नाही म्हणतेस. कोणाचंच छापणार नव्हता, आतल्या नोंदीत फक्त. विचारलं की गाळता येतं.

विचारलं की गाळता येतं. बघ. माझ्यासाठी मी लगेच विचारलं. अर्धं मिनिटसुद्धा नाही झालं. आणि तिचं लिहिताना मी खोलीचा नंबर घातला होता.

नाही, थांब, बोलू नकोस. लिहू दे. 'विद्युल्लता माधव टिपणीस. दुसरा मजला, आतली खोली, शिसवी पलंग, डोक्याकडची फळी.' आणि खाली — 'शोधून काढला: रुकय्या.' आडनाव... तिचं आडनाव काय? बघ, आडनाव नाही माहीत मला. चार शुक्रवार माझ्या घरात राबली. रिकामी जागा ठेवते, विचारून कळवीन. हे घे. फोटो काढून घे हवा तर. आणि मला एक प्रत दे, ती शाळेत लावायची आहे त्याच पेटीवर, मुख्याध्यापकांना मी आजच फोन करते. नाही, करते. तू आहेस तोवर करते म्हटलं तर — नाही, तू जा, मी करते.

रुकय्याकडे तू जायचं नाहीस. आधी मी जाणार. गोडाऊनची गाडी सातला नाक्यावर सोडते तिला. दीड वर्षात कितीदा भेटलो तिथे, आणि प्रत्येक वेळी ती काय करते माहितेय? आधी इकडेतिकडे बघते, कोणी ऐकत नाही ना, मग माझ्या कानाशी येते आणि हळूच विचारते, 'बाई, गेले ना सगले? परत नाय ना आले? आले तर सांगा, मी येते पातेलं घेऊन.' आणि मी म्हणते, गेले गं, कधीच गेले.

नाही गेलेले. परवा परत दिसले. म्हणून तर गादी वर आहे.

ऊठ तू. सॅक झटकून घे जाताना, खाली जाऊन झटक. नीघ आता, निवेदिता.